पयले तू खाय

साक्षगंधाचा पेढा जयाच्या ओठांपासून दोन बोटं लांब असताना सुलोचनाबाईंनी काजलचं मनगट धरलं.

"पयले तू खाय," त्या म्हणाल्या.

पंगतीत वाढणाऱ्याच्या हातातली भाजीची बादलीसुद्धा हलायची थांबली.

काजल भोयर ही नवरदेवाची धाकटी बहीण. तळेगावच्या भोयरांकडे रिवाज असा, की नणंदेनं होणाऱ्या भावजयीचं तोंड गोड करायचं आणि मगच अंगठी घालायची. हा रिवाज आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला होता आणि आजवर यात कोणी दगावल्याचं ऐकिवात नव्हतं. पण काजल साधी नणंद नव्हती. 'घर तुझं, किल्ली माझी' या मालिकेत रोज संध्याकाळी साडेसातला ती वैजयंती नावाची सून होत असे, आणि मागच्याच आठवड्यात वैजयंतीनं सासूच्या बासुंदीत पांढरी पूड कालवली होती. पूड म्हणजे पिठीसाखर. हे काजलला माहीत होतं, कॅमेरामनला माहीत होतं, आणि मुळात गोड असलेली ती बासुंदी सात वेळा खावी लागलेल्या बाईंना तर फारच माहीत होतं. नवरीच्या गावी, गिरडात, मात्र हे कोणी कळवलं नव्हतं.

काजलनं पेढा खाल्ला. सुलोचनाबाई म्हणजे नवरीची, जयाची, आई. त्यांनी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि काजलच्या समोर बसल्या.

"आता थांबू जरा."

"मुहूर्त टळून राह्यला जी," भटजी म्हणाले.

"टळू द्या. मुहूर्त दुसरा भेटते. पोरगी दुसरी भेटते काय?"

भटजींनी पंचांग मिटलं. सगळा मांडव काजलकडे बघत बसला. काजलला प्रेक्षकांची सवय होती, पण हे प्रेक्षक तिच्या मरणाची वाट बघत होते, तेही जेवण थंड होत असताना. तिनं शक्य तितका निरोगी चेहरा केला. निरोगी चेहरा फार वेळ करता येत नाही, हे तिला त्या दिवशी समजलं. आणि मग, कोरडा पेढा घशात अडकल्यामुळे, तिला उचकी लागली.

"लागली!" मागून कोणीतरी ओरडलं. दोन बायका उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्यानं गाडी काढायला सांगितली. पेढे बनवणारा हलवाई गावातलाच होता. "माह्या पेढ्याचं नाव खराब कराले बसले तुम्ही," म्हणत तो ताट उचलून निघाला, त्याला दोघांनी मिठी मारून धरलं. काजल पाणी प्यायली आणि जगली. गिरडातल्या काही लोकांची थोडी निराशा झाली, असं तिला उगाच वाटून गेलं.

अंगठ्या झाल्या. पण लग्नाची तारीख काढायची वेळ आली तेव्हा सुलोचनाबाईंनी हात वर केला.

"पोरगा सोन्यासारखा हाय. त्याच्यात काई म्हनत नाई मी. पन या नणंदेच्या घरात पोरगी देऊ कशी?"

"मावशी, तो अभिनय असतो," काजल म्हणाली.

"मंग सासूले जहर कोनं देल्लं?"

"वैजयंतीनं."

"वैजयंती कोन होय?"

"मी."

"बस," सुलोचनाबाई म्हणाल्या. उलटतपासणी संपली.

तरी एक वकिली मुद्दा राहिलाच होता. तेवढ्यात कोणीतरी त्यांना सांगितलं, की नवरदेवाचं, म्हणजे मुकेशचं, तळेगावात कृषी केंद्र आहे आणि फवारणीच्या सगळ्या औषधांचं दुकान तोच चालवतो.

"पाह्य बाप्पा," त्या सावकाश म्हणाल्या. "भाऊ विकते, बहीण पाजते."

जयानं आईला हळूच कोपर मारलं. "आई, मले त्याच्यासंगच लगन कराचं हाय."

"करजो ना. जित्ती राह्यली त करजो."

---

परतीच्या गाडीत मुकेश बोटातली नवी अंगठी फिरवत बसला. त्याची याआधीची स्थळं 'पोरगा शहरात नाही' म्हणून गेली होती, 'दुकानाला वास येतो' म्हणून गेली होती, एक तर 'पोरगा फारच हसतो' म्हणूनही गेलं होतं. हे स्थळ मात्र त्याच्याकडे बघून हसलं होतं. जयानं त्याला कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल मनापासून दोन प्रश्न विचारले होते. अशी मुलगी पुन्हा मिळणार नव्हती.

"तू नसतीस त झालं असतं," इतकंच तो पवनारजवळ म्हणाला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं तिला उसाचा रस पाजला. रस आधी त्यानं स्वतः चाखला. बर्फ किती आहे ते बघायला, असं तो म्हणाला.

काजलला अपमान गिळायची सवय होती. मुंबईत आल्यावर तिनं पहिली काही वर्षं नायिकेच्या मागे उभी राहणारी मैत्रीण केली, मग सलाईन लावणारी नर्स केली, मग एका मालिकेत ती फक्त फोनवरचा आवाज होती आणि तोही पुढे तिचा खोकला वाईट आहे म्हणून बदलला. अखेर एका दिग्दर्शकाच्या लक्षात आलं, की या मुलीची डावी भुवई एकटीच वर जाते. त्या भुवईवर तिला वैजयंती मिळाली. भुवई वर गेली की मागे ढोल वाजतो, पडदे उडतात आणि कोणाच्या तरी हातातला तांब्या पडतो. मुंबईत या भुवईमुळे तिला लोक सेल्फी मागत. तळेगावात तिनं बाजारात वांग्यांचा भाव ऐकून ती भुवई चुकून उचलली, तर भाजीवालीनं तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "म्या काय बिघडवलं माय तुहं?"

घरीही फार वेगळं नव्हतं. काजलनं चहा केला, की वडील चंद्रभानजी बोलता बोलता आपला कप तिच्यासमोर सरकवत आणि तिचा आपल्याकडे घेत. "मले कमी गोड लागते," ते म्हणत. दोन्ही कप एकाच भांड्यातले होते. आई देवकाबाईंची अडचण आणखी वेगळी होती. त्या मालिका रोज बघत, आणि बघताना पोटच्या पोरीला शिव्या घालत. मालिका संपली की तिलाच फोन करून जेवलीस का म्हणून विचारत.

शेजारी प्रेमदास गुरुजी राहत. निवृत्त मुख्याध्यापक, गावातल्या कोणाच्याही अडचणीला त्यांचं उत्तर एकच असे, की कागद करून टाका.

"प्रतिज्ञापत्र," गुरुजी म्हणाले. "मी कोणत्याही सासूस विष दिलेले नाही. स्टॅम्पपेपरवर. कायद्यापुढे विहीणबाईचं काय चालते?"

म्हणून काजल आणि गुरुजी आष्टीला तहसील कचेरीत गेले. टेबलामागच्या साहेबांनी मजकूर दोनदा वाचला.

"विवाहित?"

"अविवाहित."

"मग सासू कुठली?"

"सासू नाहीच."

"मग दिलेले नाही असं कसं लिहिता येईल? न देण्याकरतासुद्धा सासू पाहिजे." साहेबांनी चष्मा काढला. "आधी लग्न करून या."

"लग्न भावाचं अडलंय."

"मग त्याला म्हणावं, त्यानं प्रतिज्ञापत्र करावं."

गुरुजींनी कायद्याची तीन कलमं सांगितली. त्यातलं एक साहेबांना माहीत नव्हतं म्हणून ते घाबरले आणि 'अस्तित्वात असलेल्या अथवा नसलेल्या कोणत्याही सासूस' अशा दुरुस्तीसह शिक्का मारून मिळाला. निघताना साहेबांनी घरून बोलावलेल्या आपल्या मुलाबरोबर काजलचा फोटो काढून घेतला. मुलगा त्यांनी स्वतःच्या मागे उभा केला होता.

सुलोचनाबाईंनी कागद उलटसुलट बघितला. "याच्यावर त काजल लिवलं हाय," त्या म्हणाल्या. "त्या वैजयंतीची सही कुठी हाय? तिनं सासूचे पाय धरले पाह्यजे. टीव्हीत. मंग पाहू."

---

आता उपाय एकच उरला होता. काजलनं मालिकेच्या लेखकाला, म्हणजे अश्वजितला, फोन लावला. अश्वजित मूळचा हिंगणघाटचा. आठ माणसांच्या भानगडी एकट्याच्या डोक्यात सांभाळून त्याचे केस गेले होते.

"वैजयंतीला चांगली कर ना रे. एक दिवस. सासूच्या पाया पडते, रडते, झालं."

"काऊन? काय झालं? सांग मले सारं पयल्यापासून," अश्वजित म्हणाला. फोनवर गावची भाषा ऐकली, की काजलचं तोंड सैल सुटत असे. तिनं पेढा सांगितला, उचकी सांगितली, हलवाई सांगितला, 'भाऊ विकते, बहीण पाजते' हेसुद्धा सांगितलं. पलीकडून मधून मधून "अरे वा" असं ऐकू येत होतं. सहानुभूतीचा हा प्रकार तिला जरा वेगळा वाटला, पण लेखक लोक वेगळेच असतात.

पुढच्या आठवड्यात सेटवर तिच्या हातात पानं आली. वैजयंतीच्या भावाचं लग्न ठरलं होतं. मुलीकडचं गाव गिरडासारखंच टेकडीखालचं होतं. मुलीच्या आईचं नाव सुशीलाबाई. आणि तिचं पहिलंच वाक्य होतं, 'पयले तू खाय.'

"अश्वजित, तू माझ्या घरचं लग्न विकलंस!"

"मी फक्त नावं बदलली," अश्वजित शांतपणे म्हणाला. "आणि तुझी उचकी ठेवली. उचकी फार चांगली आहे."

सुशीलाबाईचं काम करणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सेटवर टाळ्या मिळाल्या. काजलच्या भुवईला चार वर्षांत मिळाल्या नव्हत्या. प्रसंग टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी ती मुंबईतल्या खोलीत फोन उशीखाली घालून बसली. लग्न मोडलं, हे ऐकायची तिची तयारी झाली होती. वाक्यसुद्धा तयार होतं: 'दादा, मी नोकरी सोडते.' त्यात भुवई कुठे उचलायची नाही, हेही ठरलं होतं.

फोन आईचा आला.

"अवं, विहीनबाईचा फोन आलता," देवकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मले विहीनबाई म्हनली ना वं! पयल्यांदा!"

झालं होतं असं, की मालिका संपता संपता गिरडातली अर्धी गल्ली सुलोचनाबाईंच्या दारात जमली होती. बाई, तू टीव्हीत आलीस. तुझंच बोलणं, तुझाच पदर खोचणं. सरपंचांनी येऊन शाल दिली. हलवायानं फुकट पेढे वाटले, कारण मालिकेत त्याचाही पेढा चांगला दिसला होता. सुलोचनाबाईंनी त्याच रात्री पंचांग मागवलं आणि तारीख काढली. अट एकच ठेवली, तीही लाजत: "त्या सुशीलाबाईले काई होऊ देऊ नोका म्हना. लय समजदार बाई हाय ते."

सगळं इतकं सुरळीत झालं, की काजलला भीती वाटायला लागली. मालिकेत सगळं सुरळीत झालं, की पुढच्या भागात कोणीतरी जिन्यावरून पडतं.

सुशीलाबाई जिन्यावरून पडणार नव्हत्या. त्यांचं काम करणाऱ्या बाईंना दुसऱ्या मालिकेत आजीचं मोठं काम मिळालं होतं आणि त्या निघाल्या होत्या. नव्या पानांत वैजयंती त्यांना पेढा देत होती. सुशीलाबाई तो खात होत्या आणि कोसळत होत्या. भाग लागणार होता लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, हळदीला.

"निदान तिला आधी 'पयले तू खाय' म्हणू दे," काजल काकुळतीला आली. "ती म्हणणारच रे. मी ओळखते ना तिला."

"म्हणाली, तर तुला खावा लागेल. तू खाल्लास, तर वैजयंती मरेल. वैजयंती मेली, तर तू पुन्हा नर्स." अश्वजितनं पानं तिच्या हातात दिली. "बोल. ती खाते, की तू?"

काजल मेकअपच्या खुर्चीत बसली. एका बाजूला भावाचं लग्न होतं, दुसऱ्या बाजूला सलाईनची बाटली. शेवटी तिनं प्रसंग केला. मनात पाप असल्यामुळे तिची भुवई त्या दिवशी इतकी अप्रतिम वर गेली, की दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

---

"लाईन बंद करा," प्रेमदास गुरुजींनी ऐकून घेतल्यावर सांगितलं. "अर्धा तास गिरडात लाईन नाई, त मालिका नाई. अर्ज करून टाकू."

लग्नाच्या तीन दिवस आधी काजल आणि गुरुजी अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेले. साहेब चांगले होते. त्यांनी चहा मागवला आणि अर्ज वाचून शिपायाला दार लावायला सांगितलं.

"नोकरीत इतकी वर्षं झाली," ते म्हणाले. "लाईट द्या म्हणून अर्ज येतात, मोर्चे येतात. घालवा म्हणून पहिलाच. याला खिडकीच नाही. लाईट जाते, पण ती आपली आपण जाते. अर्जावर नाही."

"मग अर्ध्या तासाचं काम काढा साहेब."

"साडेसातला?" साहेबांनी घाम पुसला. "माझ्या घरी बायको आहे."

बाहेर गजेंद्र लाईनमन भेटला. तो गिरडचाच. "टेन्शन नका घेऊ ताई," तो म्हणाला. "लग्नघर म्हटल्यावर लोड वाढते. कूलर, माळा, पाण्याची मोटर. साडेसातले जातेच. नाई गेली त माहं नाव बदलजा."

हळदीच्या दिवशी नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे न्यायची असते आणि ती करवलीनं न्यायची असते. म्हणजे काजलनंच. पितळी वाटीत हळद, वर हिरवं फडकं, आणि ती वाटी मांडीवर धरून काजल तळेगावहून गाडीनं निघाली. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पवनारच्या पुलावर तिनं नदीला नमस्कार केला आणि मागितलं, की लाईट जाऊ दे. नदीकडे असं मागणं बहुधा कोणी मागितलं नसावं.

गिरडात गाडी शिरली तेव्हा सारं गाव लखलखत होतं. टेकडीवरच्या दर्ग्याच्या दिव्यांपासून लग्नघराच्या माळांपर्यंत एकही दिवा मिचकावत नव्हता. गजेंद्र दारातच उभा होता, अर्धा ओशाळून, अर्धा अभिमानानं.

"माहं नाव बदला ताई, तुमचा अर्ज वाचून साहेबच भेले, लाईन गेली त नाव त्याईचं येईन," तो म्हणाला. "लग्नघर हाय म्हनून आज खास नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. पाहा, पापनी हलत नाई!"

अंगणात बाजेवर टीव्ही मांडला होता. समोर सतरंजीवर गिरडातल्या बायका, मध्ये पाटावर जया, आणि पहिल्या रांगेत, सरपंचांची शाल पांघरून, सुलोचनाबाई. काजल वाटी घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली. वळून पळून जायचं, तर करवलीला उष्टी हळद घेऊन पळता येत नाही.

टीव्हीवर वैजयंतीनं पेढा पुढे केला. ढोल वाजला. भुवई वर गेली. सुशीलाबाईंनी पेढा घेतला, तोंडात टाकला, एकदा चावला आणि आडव्या झाल्या. पडदे उडाले.

अंगणातली एकेक मान मागे वळली. गाडीजवळ उभ्या असलेल्या मुकेशच्या मित्रानं हळूच इंजिन सुरू केलं.

सुलोचनाबाई उठल्या. त्या काजलकडे नाही, टीव्हीकडे चालत गेल्या. जवळ जाऊन त्यांनी आडव्या पडलेल्या सुशीलाबाईला वाकून नीट बघितलं.

"खाल्ला?" त्या म्हणाल्या. "असाच खाल्ला? न विचारता?"

त्यांनी वळून सतरंजीकडे बघितलं.

"जया, तूच सांग. मी खाल्ला असता काय?"

"नाई खाल्ला असता," जया म्हणाली.

"गल्लीतल्या कोनालेही इचारा. 'पयले तू खाय' म्हटल्याबगर मी पेढा तोंडात टाकन काय? इतकी बयताड हाय मी?" त्यांनी शाल काढून बाजेवर टाकली. "हे बाई मी नाईच. हे खोटं हाय. हे सारं बनावटी हाय!"

अंगणात कुजबुज पसरली.

"मंग बासुंदी?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"बासुंदीही बनावटी."

"आन् सासू?"

"सासू गेली असन घरी, जेवाले." सुलोचनाबाई काजलकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला नीट बघितलं, वर्गातल्या हुशार मुलीची वही चुकली की मास्तर बघतात तसं. "काय वं पोरी. तुले त ठाऊक होतं मी कशी हाय. मंग त्याईले सांगतलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं मावशी," काजल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणत्याही दिग्दर्शकानं सांगितलेलं नव्हतं. "कोणी ऐकलं नाही."

"मले बलवाचं असतं." सुलोचनाबाईंनी टीव्ही बंद केला. गिरडात साडेसातला टीव्ही कोणी हातानं बंद केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "चाल, हळद आन."

काजलनं वाटी पुढे केली. सुलोचनाबाईंनी फडकं उचललं, वास घेतला, आणि सवयीचा भाग म्हणून म्हणाल्या, "पयले तू लाव."

काजलनं गालाला बोट लावलं. तेवढं पुरे होतं, पण सतरंजीवरच्या बायका इतकी वर्षं वैजयंतीवर डूख धरून होत्या. त्या वाटीवर तुटून पडल्या. कोणी कानामागे, कोणी मानेला, एकीनं तर डाव्या भुवईवर खास रगडून लावली. नवरीच्या वाट्याला जेमतेम उरली. दुसऱ्या दिवशी मुकेश आणि जयाचं लग्न लागलं, आणि त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरीपेक्षा करवली पिवळी आहे.

मुंबईला गेल्यावर ती हळद निघाली नाही. मेकअपवाल्यानं साबण लावला, तेल लावलं, दही लावलं, शेवटी वरून रंग थापला तर वैजयंती हिरवी दिसायला लागली. शूटिंग खोळंबलं. अश्वजितनं अर्ध्या तासात पानं बदलली आणि वैजयंतीला कावीळ झाली.

भाग लागला त्या संध्याकाळी, साडेसातचे आठ वाजत असताना, काजलचा फोन वाजला. गिरडहून होता.

"पोरी, कावीय झाली म्हनते तुले?"

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना, ते सगळं बनावटी असतं."

"ते असन. पन पिवयी त तू दिसून राह्यली ना मले. माह्या डोयानं पाह्यलं." सुलोचनाबाईंचा आवाज जरा खाली आला. "जयाच्या बाबाच्या हातानं दवा पाठवली हाय. पुडी हाय, पांढरी. दुधात घेजो. भेव नोको ठेवू, पयले मी खाऊन पाह्यली."